साडेआठचा फॅक्स

"मॅडम, एक विचारू? तुमचं हे भिंतीवरचं घड्याळ पुढे आहे, का माझंच मागे पडलंय?"

नीलम परबने मान वर केली. दारात एक उंच, सावळा तरुण उभा होता. खांद्याला हत्यारांची पिशवी, हातात हेल्मेट, आणि नजर तिच्या डोक्यावरच्या घड्याळावर. दोन हजार सहा सालच्या जानेवारीतली ती दुपार होती. स्टीलची भांडी परदेशी पाठवणाऱ्या रसिकभाईंचं भाईंदर पूर्वेला छोटंसं ऑफिस होतं, आणि तिथलं फॅक्स मशीन सकाळपासून कागद गिळून बसलं होतं.

"तुमचं बरोबर आहे," नीलम म्हणाली. "आमचं पंधरा मिनिटं पुढे असतं. माणसं वेळेवर यावीत म्हणून शेठनी मुद्दाम ठेवलंय."

"मग सुटता पण पंधरा मिनिटं आधी?"

"सुटताना शेठच्या मनगटावरचं घड्याळ चालतं. ते बरोबर आहे."

तो हसला. हसताना त्याने चटकन खाली पाहिलं, जणू ऑफिसच्या वेळेत हसायची परवानगी आहे की नाही याची खात्री नव्हती. नेहमीचा मेकॅनिक तापाने झोपला होता म्हणून त्याच्या जागी हा आलेला. त्या मेकॅनिकला त्या दिवशी ताप आला नसता तर ही गोष्ट घडलीच नसती. तेव्हा त्याचेही आभार.

याचं नाव धर्मेश भोईर. राहणारा घोडबंदरचा. आजोबांची मिठागरं होती, वडिलांची भातशेती होती, आणि याच्या वाट्याला आलं ते शांती नगरातलं झेरॉक्स आणि फॅक्सचं दुकान. त्याच्या जोडीला तो आसपासच्या ऑफिसांतली मशीनं दुरुस्त करायचा.

सहाच्या सुमाराला मशीनने गिळलेला कागद एकदाचा परत दिला. ऑफिस रिकामं झालं, रसिकभाई खालच्या गोदामात गेले. धर्मेशने पिशवी आवरली, पण नीलम जागची हलली नव्हती.

"तुम्ही नाही जात?"

"टोरोंटोला फॅक्स करायचा असतो रोज. आज किती माल पॅक झाला त्याचा." तिने समोरचा कागद दाखवला. "तिकडचे हसमुखभाई त्यांच्या सकाळी नऊला मशीन चालू करतात. त्याआधी लावला तर लागत नाही. आपल्याकडे तेव्हा साडेसात होतात."

"आणि रोज दीड तास तुम्ही इथे… नुसत्या बसून?"

"लाइन लागेपर्यंत आठ होतात कधीकधी."

धर्मेशने पिशवी परत खाली ठेवली. "मॅडम, या मशीनची माहितीपुस्तिका कुठाय?"

पुस्तिका कोपऱ्यातल्या देव्हाऱ्यामागे होती, अजून प्लॅस्टिकमध्येच. रसिकभाईंनी ती पूजेच्या दिवशी तिथे ठेवली, आणि ठेवलेली वस्तू हलवायची त्यांच्याकडे पद्धत नव्हती.

"राहू दे तिला तिथेच," धर्मेश म्हणाला. "इकडे या. हे बटण बघा. कागद आत्ता टाकायचा, नंबर द्यायचा, आणि कधी पाठवायचा ती वेळ. मशीन कागद वाचून पोटात ठेवतं. कागद तुमचा तुम्हाला परत. वेळ झाली की आपोआप पाठवतं, लाइन बिझी असली तर परत परत लावतं. तुम्ही घरी."

"खरंच?"

"फक्त याचं घड्याळ खरं पाहिजे. तुमच्या शेठच्या भिंतीसारखं नको." त्याने मशीनचं घड्याळ पंधरा मिनिटं मागे घेतलं आणि नीलमच्या मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. तेवढ्यासाठी त्याला तिच्या हाताजवळ जरा वाकावं लागलं. नीलमने हात मागे घेतला नाही, हे तिच्या स्वतःच्याही नंतर लक्षात आलं.

नेमके तेवढ्यात रसिकभाई वर आले. "अरे भाई, आ शुं? ऑफिसमधे एकच टाइम पायजे."

"शेठ, पंधरा मिनिटं आधी फॅक्स गेला तर टोरोंटोला मशीन बंद असेल. तुमचा कागद हवेतच राहील."

टोरोंटोचं नाव निघाल्यावर रसिकभाईंनी मान डोलावली. पण भिंतीवरची वेळ एक आणि मशीनमधली एक, हे त्यांच्या मनाला काही पटलं नाही.

"एक टेस्ट फॅक्स माझ्या दुकानावर पण लावून ठेवा," जाता जाता धर्मेश म्हणाला. "दुरुस्तीनंतर आम्ही घेतोच. उद्या सकाळी साडेआठ टाका वेळ."

"साडेआठच का?"

"दुकान आई उघडते. आठला. झाडलोट, दिवा, सगळं तिच्याच हातचं लागतं, नाहीतर दिवस वाईट जातो म्हणते. सव्वाआठ, आठ वीसला ती बाजारात जाते, वाडीतली भाजी घेऊन. साडेआठला मी येतो. त्याआधी फॅक्स आला तर ती घाबरते… म्हणते, मशीन आपणहून बोलतंय."

त्या दिवशी नीलम सव्वासहालाच बाहेर पडली. पूनम सागर सोसायटीतल्या घराची बेल तिने वाजवली तेव्हा दार उघडणाऱ्या आईने, सुगंधाबाईंनी, आधी विचारलं ते "बरं नाही का वाटत?" असंच.

बाबा जागे होते. एवढंच, पण नीलमला दारातच भरून आलं.

आत्माराम परब बेस्टच्या डेपोत टाइमकीपर होते. एकतीस वर्षं बसगाड्यांच्या वेळा त्यांनी लिहिल्या. गाडी एक मिनिट उशिरा आली तर ड्रायव्हरकडे नुसतं बघायचे, आणि वेळेवर आली तर म्हणायचे, "बरोबर." त्याहून मोठी शाबासकी त्यांच्याजवळ नव्हती. नीलमचा दहावीचा निकाल पाहूनही ते तेवढंच म्हणाले होते. मागच्या दिवाळीत त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात हळूहळू परतला, पण वाचा गेली ती गेलीच. डॉक्टर म्हणाले, रोज तासभर समोर बसून बोलायला लावा. जे परत यायचं ते पहिल्या वर्षातच येतं. आणि बाबा तर गोळ्यांमुळे रोज आठला झोपून जायचे. सुगंधाबाई दिवसभर सगळं करून थकलेल्या असायच्या, शिवाय बाबा त्यांच्यासमोर बोलायचा प्रयत्नच करायचे नाहीत. एकतीस वर्षांचा रुबाब बायकोपुढे अडखळायला तयार नव्हता. लेकीपुढे तयार होता, पण लेक घरी पोचायची पावणेनऊला.

नीलम त्यांच्यासमोर बसली. डॉक्टरांनी दिलेल्या तक्त्यावरचं एकेक चित्र दाखवू लागली. बाबांनी कपाच्या चित्रावर बोट ठेवलं, ओठ जुळवले, घाम आला त्यांना. आणि मग अगदी स्पष्ट, डेपोतल्या आवाजात म्हणाले, "चहा."

सुगंधाबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या आणि खरंच चहा ठेवायला परत पळाल्या.

दुसऱ्या दिवशी टोरोंटोचा फॅक्स लावून झाल्यावर नीलमने एक कोरा कागद घेतला. टेस्ट फॅक्स तर काल लावून झाला होता. तरी तिने लिहिलं, "तुमच्या बटणामुळे काल मी पावणेसातला घरी होते. माझे बाबा तीन महिन्यांनी एक शब्द बोलले. 'चहा'. तुमचे आभार कसे मानू कळत नाही." वेळ टाकली सकाळी साडेआठ, आणि कोणी विचारण्याआधीच पर्स उचलून निघाली.

मशीनच्या देखभालीचा वर्षाचा करार रसिकभाईंनी आता धर्मेशशीच केला होता, आणि पंधरा दिवसांनी तो आला. मशीनचा रोलर पुसायचा होता म्हणे.

"तो दुसरा फॅक्स मिळाला," रोलरकडे बघत तो म्हणाला. "टेस्टची तशी गरज नव्हती."

"माहीत आहे."

"नाही, म्हणजे… अजून पाठवत जा. मशीनला सवय राहते."

"मशीनला?"

"मशीनलाच," तो म्हणाला, आणि पुसलेला रोलर त्याने परत पुसला.

तेव्हापासून बाबांचा प्रत्येक नवा शब्द सकाळी साडेआठला शांती नगरात पोचू लागला. पाणी. नको. खिडकी. डेपो. एकदा आठवडाभर काहीच आलं नाही, आणि मग एका संध्याकाळी लागोपाठ तीन. धर्मेशची उत्तरं मशीनमागे लटकवलेल्या सर्व्हिस कार्डावर यायची, शेऱ्याच्या रकान्यात. 'रोलर ठीक. खिडकी उघडल्याचा आनंद.' किंवा, 'मशीनची तब्येत उत्तम. ऑपरेटरने जेवणाची वेळ पाळावी.' रसिकभाई ते कार्ड कधी वाचायचे नाहीत. ते फक्त सही करायचे.

एप्रिलमध्ये टोरोंटोची घड्याळं तासभर पुढे सरकली, आणि फॅक्सची वेळ साडेसहा करायची का, हे विचारायला नीलमने दुकानावर फोन केला. खरं तर तिने आधीच केली होती. दोघं अकरा मिनिटं बोलले, त्यातलं घड्याळाबद्दल अर्धं मिनिट. ऑगस्टमध्ये तो एकदा भिजून चिंब होऊन आला. तिने डब्याचा रुमाल पुढे केला… आणि तो रुमाल पुढच्या खेपेला धुऊन, घडी घालून परत आला. त्याला मशीनच्या तेलाचा बारीक वास होता. नीलमने तो पुन्हा धुतला नाही.

"भाई, आ मशीन बिमार छे के तू?" रसिकभाईंनी एकदा विचारलंच. "दर पंधरा दिवसाला काय येतो?"

"शेठ, खाडीची हवा आहे. दमट. रोलर लगेच ओल धरतो."

नीलम खाली मान घालून माल मोजत राहिली, आणि त्या दिवशी चौदा खोकी जास्त लिहिली गेली. ती तिने नंतर खोडली.

एवढं सगळं होत होतं, आणि तरी दोघांपैकी कोणी काही बोललं नव्हतं. घाई कशाला, असं नीलमला वाटायचं. पंधरा दिवसांनी तो येणारच आहे.

डिसेंबरमध्ये रसिकभाईंचा पुतण्या कॉम्प्युटर घेऊन आला. टोरोंटोचे कागद आता ईमेलने जाऊ लागले. महिनाअखेरीला मशीनचा वर्षाचा करार संपत होता आणि रसिकभाईंना तो पुढे चालवायचा नव्हता; मशीनच बंद करायचं होतं. डिसेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी धर्मेश शेवटचा रोलर पुसायला आला.

"मग आता…" नीलम म्हणाली.

"आता काय. ईमेलला रोलर नसतो." त्याने हसायचा प्रयत्न केला. "तुमच्या बाबांचे किती झाले?"

"एकशे बारा शब्द. फक्त 'बरोबर' काही येत नाही. 'ब' येतो, पुढचा 'र' अडकतो. रोज करतात प्रयत्न. आणि वाक्य अजून एकही नाही."

"येईल. ते टाइमकीपर आहेत. वेळ झाली की येईल."

तो अजून काहीतरी बोलणार होता. तीही बोलणार होती. पण पुतण्या मध्येच प्रिंटरची वायर शोधत आला, आणि धर्मेश कार्डावर काहीतरी लिहून, हेल्मेट उचलून निघून गेला. जिन्यात त्याची पावलं एकदा थांबली. मग पुढे गेली.

नीलमने टेबलावरचे कागद उगाच सरळ केले. सोमवारपासून हा माणूस येणार नाही. त्याला बोलवायला कारण नाही, कळवायला मशीन नाही. दुकानात जाऊन उभं राहावं, तर तिथे गिऱ्हाइकं असणार आणि तोंडातून 'दोन झेरॉक्स' याखेरीज काही निघणार नाही, हे तिला पुरतं ठाऊक होतं. लिहिता मात्र यायचं. आज लिहिलं नाही तर कधीच नाही, असं तिने स्वतःला बजावलं आणि कागद ओढला.

'धर्मेश,
बाबांना त्यांचे शब्द मिळाले ते संध्याकाळी मिळाले, आणि त्या संध्याकाळी मला तुम्ही दिल्यात. वर्षभर आभार मानतेय, तरी मन भरत नाही. आता मशीनचं कारण उरलं नाही म्हणून कारणाशिवाय लिहितेय. तुम्ही मला आवडता. बाबा आठला झोपतात. त्याआधी घरी कधीही या.
नीलम'

सकाळी साडेआठ, तिने वेळ टाकली. मशीनने कागद वाचून परत दिला. तो पर्समध्ये ठेवून ती जी निघाली ती थेट रिक्षात बसल्यावरच तिने श्वास सोडला.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात आली तेव्हा मशीनच्या तोंडाशी पोचपावतीची चिठ्ठी लोंबत होती. एक पान, आठ तीस, ओके. ते 'ओके' तिने बोटाने एकदा गिरवलं. मग सहज तिची नजर मशीनच्या घड्याळाकडे गेली, तिथून मनगटाकडे, तिथून भिंतीकडे. मशीन आणि भिंत यांचं आज एकमत होतं.

"शेठ," ती म्हणाली, "मशीनचं घड्याळ…?"

"काल सांजे पुतण्याकडून बरोबर करून घेतला," रसिकभाई समाधानाने म्हणाले. "एक वरस डोळ्यात खुपत होता. आता टोरोंटोची शुं फिकर? ऑफिसमधे एकच टाइम."

म्हणजे फॅक्स खऱ्या सव्वाआठला गेला होता. सव्वाआठला दुकानात झाडू मारत होती धर्मेशची आई.

नीलम मशीनमागच्या भिंतीला टेकली. डोळ्यांसमोर लटकत होतं सर्व्हिस कार्ड. काल डोळे भरल्यामुळे तिने ते वाचलंच नव्हतं. शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं, 'मशीन ठीक. मेकॅनिकची तब्येत ठीक नाही. कारण, उद्यापासून इथे यायला कारण नाही. रोलर वर्षातून दोनदा पुसला तरी चालतो.'

तिने ते दोनदा वाचलं. रडू आणि हसू एकदमच आलं. मग तिने फोन उचलला आणि दुकानाचा नंबर फिरवला.

"हालो, कोन?" बाईचा आवाज. खणखणीत.

"धर्मेश… आहेत का?"

"हाय. पन आत्ता बोलाचा न्हाय तो. कागुद वाचतोय. तिसऱ्यांदा." मागे कागद सळसळला. "तू ती टायमरवाली का?"

नीलमने डोळे मिटून घेतले. "मावशी, तो कागद… तुमच्या हातात पडायला नको होता. चुकून लवकर गेला. माफ करा मला."

"माफी कशाची? चौथीपरत शिकलेली हाय मी. हलूहलू वाचला, पन सगला वाचला. मंग बाजारात ग्येलेच न्हाय आज." धर्मेशच्या आईने, चंपाबाईंनी, फोन कानाशी नीट धरल्याचा आवाज आला. "आगो, मी रोज सांजचे पोराला इचारते, आज तो म्हातारा काय बोल्ला? ज्या दिवशी कागुद न्हाय, त्या दिवशी मना जेवान गोड लागाचा न्हाय. त्या फ्याक्सच्या कागुदाची शाई उडते ना, तर यानं सगल्या कागुदांच्या झेराक्स करून ठेवल्यान. मना वाटलेला, धंद्याचा कायतरी असंल. आज समाजला कसला धंदा तो."

मागून धर्मेशचं "आई, दे ना फोन" ऐकू आलं. ते चंपाबाईंनी सरळ कानाआड केलं.

"येक सांग पोरी. आठाच्या आधी म्हंजे किती वाजता आलेला चालंल?"

नीलमने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. "साडेसहा," एवढंच ती म्हणाली, आणि मग हळूच, "खरे साडेसहा."

संध्याकाळी पूनम सागरमधल्या त्या दोन खोल्यांत सुगंधाबाईंनी पोहे केले, पडदे बदलले, आणि नीलमकडे एकही प्रश्न न विचारता दहा वेळा पाहिलं. बेल वाजली. चंपाबाईंनी आल्या आल्या माठाची जुडी आणि घोडबंदरच्या खड्यामिठाची पुडी सुगंधाबाईंच्या हातात दिली, आणि दोघी जणू जुनी ओळख असल्यासारख्या स्वयंपाकघरात गेल्या. धर्मेश इस्त्रीच्या शर्टात उभा होता. आज हातात हत्यारांची पिशवी नव्हती, त्यामुळे हातांचं काय करायचं ते त्याला कळत नव्हतं.

"कार्ड वाचलं का?" तो हळूच म्हणाला.

"वर्षातून दोनदा?"

"दोनदा. फार तर तीनदा."

"आणि खाडीची हवा?"

"हवा चांगलीच आहे." आता त्याने खाली पाहिलं नाही. सरळ तिच्याकडे पाहिलं. "नीलम, तुझा कागद आला नसता ना, तरी मी सोमवारी येणार होतो. यायला कारण मिळावं म्हणून काल काहीतरी मोडून ठेवणार होतो, पण हिंमत नाही झाली. आभार तर मी मानायला पाहिजेत."

आतल्या खोलीतून काचेवर बोट वाजल्यासारखा आवाज आला. बाबा आपल्या घड्याळावर बोट वाजवत होते. गेलं वर्षभर कुणाला जवळ बोलवायचं असलं की ते हेच करायचे. नीलम धर्मेशला आत घेऊन गेली. तो पलंगाजवळच्या स्टुलावर बसला. आत्मारामांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, डेपोत शिरणाऱ्या गाडीकडे बघावं तसं. मग त्यांचे ओठ हलले. नीलमने तक्ता घ्यायला हात पुढे केला, पण त्यांनी मानेनेच नको म्हटलं.

"किती…" ते म्हणाले. कपाळावर घाम आला. "किती… वाजले?"

स्वयंपाकघरातली बोलणी थांबली. सुगंधाबाई पदर तोंडाशी धरून दारात आल्या. वर्षभरातलं ते पहिलं वाक्य होतं.

धर्मेशने मनगट पुढे करून नीट पाहिलं. "सहा पस्तीस, बाबा."

आत्मारामांनी स्वतःच्या घड्याळात पाहिलं. मग त्याच्या घड्याळात. मग पुन्हा स्वतःच्या. त्यांना काही घाई नव्हती.

"ब…" ते म्हणाले, आणि थांबले. नीलमने श्वास रोखला. "बरो…बर."

नीलमच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तिला ते पुसायचं सुचत नव्हतं. धर्मेशने खिशातून रुमाल काढून तिच्यापुढे धरला. हा शब्द उद्या सकाळी साडेआठला कुणाला कळवायचा नव्हता. ज्याला कळवायचा तो समोरच बसला होता, आणि आठ वाजायला अजून बराच वेळ होता.